सतरंजीवरची जागा

नामदेव गेल्याचा निरोप कचेरीत आला, त्याला आता महिना होत आला. क्षयच होता, आम्हा विणकरांच्या घरांत तो नवा नाही. आमच्या गल्लीतला पहिला बी.ए. मी, पण समाजाच्या सभेत तोंड उघडणारा पहिला तरुण नामदेव, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्यात रीत अशी, की बाप जिवंत असेपर्यंत मुलानं पंचांच्या सतरंजीवर बसायचं नाही. मिशा पिकलेले बाप्येसुद्धा दाराशी, जोड्यांजवळ. मी कॉलेजात असताना तरुणांच्या मेळाव्याला फिलिपाईन्सचा एक विद्यार्थी आला होता. तो म्हणाला, त्याच्या गावच्या बैठकीत पोरं मोठ्यांच्या बरोबरीनं बसतात, ते त्यांनी भांडून मिळवलं. मी ते नामदेवला सांगितलं. अमावस्येला माग चालवायचा नाही हा समाजाचा नियम, म्हणून सभा त्याच दिवशी. पुढल्याच सभेत हा उभा राहिला. "आमालेबी जागा पाह्यजे. अन् नियम सगळ्यांले सारखा पाह्यजे."

"ए फिलिपाईन, खाली बस गा!" मुख्य पंच ओरडले. सभा हसली आणि ते नाव त्याला चिकटलं. पण तो हटला नाही. गल्लीतली पोरं जमवली, दारोदार फिरला, शेवटी म्हाताऱ्यांनी मान डोलावली. मला फार अभिमान वाटला... आजही वाटतो. मागणी बरोबरच होती.

सतरंजीवर बसेल तो पंच; नामदेव तिथं बसला त्याच दिवशी मुख्य पंचांनी पहिला गुन्हेगार पुढं बोलावला. नामदेवचे वडील, गणपतकाका. लग्नाचं लुगडं अडलं म्हणून मागच्या अमावस्येला दार लावून त्यांनी माग चालवला होता.

"सांग फिलिपाईन, नियम सारखा ना? का बापाले येगळा?"

तो उठून गेला असता, तर मागं बसलेल्या सगळ्या पोरांची जागा गेली असती. खाली पाहतच त्यानं नेहमीची शिक्षा सांगितली: सभेचे जोडे डोक्यावर घेऊन उभं राहायचं. काकांनी जोडे उचलले. मग पोरासमोर वाकून विचारलं, "पंचसाहेब, तुमचेबी घेऊ?" पंच खदखदा हसले. काकांनी त्याचेही घेतले.

त्यानंतर काकांनी त्याला कधी नावानं हाक मारली नाही. "पंचसाहेब आले, पाट टाक वं." स्वतः जमिनीवर, आणि नामदेवनं घास घेतल्याशिवाय आपण घ्यायचा नाही. "बाबा, पुरे करा ना आता," तो एकदा माझ्यासमोर रडला. "पंचाले रडणं शोभत नाही, जी," काका म्हणाले. नामदेवच्या खोकल्यातून रक्त पडू लागलं, तरी काकांचं ते 'अहो' सुटलं नाही.

परवा भेटायला गेलो, तर जेवणवेळ होती. काकूंनी, नामदेवच्या आईनं, एकच ताट वाढलं.

"पंचसाहेबांचा पाट काहून नाही टाकला वं?"

काकूंनी पाट टाकला, दुसरं ताट वाढलं. काका पाटाकडे तोंड करून जमिनीवर बसले. भात निवत चालला...

"जेवा ना, जी," काकू म्हणाल्या.

"ते सुरू करून नाही राहिले," काका म्हणाले. "मी कसा करू?"