जीपची एकोणीस दुखणी

जुन्या जीपला किंमत का येते, हे मला एका लिलावात कळलं. लिलावातली जीप आमच्याच आरोग्य केंद्राची होती आणि ती तिथे माझ्या हस्ताक्षरामुळे पोचली होती.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी भिवंडी तालुक्यातल्या एका केंद्रात आरोग्य सहायिका होते. राहायला नारपोलीत. नवरा एका लूमच्या कारखान्यात मेहता होता, म्हणजे कारकून. तो गेल्यावर मी खोली बदलली नाही, कारण बदलून जायचं कुठे हा प्रश्न होता. मूलबाळ नव्हतं. भिंतीपलीकडे माग चालायचे. शेजारी चांगले होते, पण त्यांच्या शिफ्ट आणि माझी ड्युटी यांची गाठ पडत नसे. घरी आले की एक भाजी, दोन चपात्या, रेडिओ आणि उद्याच्या कामांची यादी. पेशंट सोडून आज आपण कुणाशी बोललोच नाही, हे आठवड्यातून तीनचारदा तरी लक्षात यायचं.

गुरुवार वेगळा असायचा. गुरुवारी जीप मिळायची.

अंबाडीच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की तीन पाडे होते. पहिल्यापर्यंत बैलगाडीची वाट, दुसऱ्याच्या आधी एक ओढा, तिसरा टेकडीच्या मागे. तिथे दुसरं कुठलंही वाहन जात नसे. महिन्यातले दोन गुरुवार या पाड्यांचे. आदल्या दिवशी मी सामानाची यादी करून ठेवायची: लशींचा बर्फाचा डबा, वजनकाटा, काचेच्या सिरिंजा, त्या उकळायला पातेलं आणि स्टोव्ह, रॉकेलची बाटली, लोहाच्या गोळ्या, रजिस्टर दोन. हे सगळं मागच्या बाकाखाली बसायचं. पुढे मी आणि ड्रायव्हर.

ड्रायव्हर खारबावच्या बाजूचा, आगरी, पन्नाशी ओलांडलेला. सगळे त्याला मामा म्हणत, मीही. डांबरी रस्त्यावर मामा एक शब्द बोलत नसे. अंबाडी मागे पडली, चाकाखाली माती आली, की त्याला वाचा फुटायची. खाडीत कोणती मासळी कमी झाली, जावई कसा आळशी, मिठागरावर लहानपणी पाय कसे फाटायचे, सगळं. माझ्या याद्यांची तो चेष्टा करायचा. निघताना विचारायचा, "बाई, यादीत चाय हाय का न्हाय? मंग लिवा." मी खरंच लिहायची. एकदा ओढ्यात गाडी अडकली तेव्हा त्याने बाजूचा छोटा दांडा ओढून पुढची चाकंही कामाला लावली, गाडी गुरगुरत वर आली, आणि तो म्हणाला की आमच्या जावयालाबी असाच एक दांडा पायजे व्हता. मी इतकी हसले की धरलेल्या कडीवरचा हात सुटला. त्या वर्षात मी एवढी एकदाच हसले असेन.

तेव्हा ती जीप माझ्या दृष्टीने दोन गोष्टी होती. तीन पाड्यांची लस आणि माझा गुरुवार.

मार्चच्या आधी दरवर्षी वाहनांच्या दुरुस्तीची मागणी जिल्ह्याला जायची. यात एक पद्धत होती, ती सगळ्या केंद्रांना ठाऊक होती: दहा मागायचे, तीन मिळतात. आम्ही आदल्या वर्षी चारच गोष्टी मागितल्या होत्या आणि एक मिळाली होती, वायपर. म्हणून या खेपेला आमच्या डॉक्टरांनी हे काम माझ्याकडे दिलं. तुम्ही नीट लिहिता, म्हणाले.

मी कागद आणि फळी घेऊन जीपजवळ गेले. मामा गोणपाट टाकून गाडीखाली झोपला होता. मी उकिडवी बसले. तो आतून एकेक सांगत गेला, मी लिहीत गेले. क्लचप्लेट घासलेली. सेल्फ बंद, हँडल मारून चालू करावी लागते. रेडिएटर गळतो. मागच्या डाव्या स्प्रिंगच्या पाट्याचं एक पान तुटलेलं. सायलेन्सर तारेने बांधलेला. हूड तीन ठिकाणी फाटलेलं. हॉर्न मनात आलं तर वाजतो. प्रत्येक दुखण्याबरोबर त्याची कथा होती: कुठे झालं, कोण सोबत होतं, काय बांधून वेळ मारून नेली. उन्हं कलली तरी आमचं चाललंच होतं. एकोणीस मुद्दे झाले.

बाहेर येऊन त्याने कागद पाहिला. त्याला वाचता बेताचंच येत असे, पण कागद भरलेला आहे एवढं कळत होतं.

"बाई, चारच लिवा," तो म्हणाला. "येवढं लिवलं तं ती लोकं गारी बगायला न्हाय येनार. कागूदच बगतील."

मी म्हटलं, मागच्या वर्षी चार लिहून काय मिळालं ते पाहिलंत ना. आणि दुखणं आहे तर लपवायचं कशाला? पेशंटने मला अर्धंच सांगितलं तर मी काय करू? हा माझा युक्तिवाद मला फार बिनतोड वाटला. मी एकोणीस मुद्दे सुवाच्य अक्षरात, अनुक्रमांक घालून, प्रत्येकापुढे अंदाजी खर्च लिहून पाठवले.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. सर्व दुरुस्त्यांचा एकत्रित खर्च मर्यादेबाहेर जात असल्याने सदर वाहन दुरुस्तीयोग्य नाही, निर्लेखित करून लिलावात काढावे. पर्यायी वाहन यथावकाश. गाडी पाहायला कोणीही आलं नव्हतं.

डॉक्टरांनी पत्र माझ्या हातात दिलं आणि ते पेशंट तपासायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी दुसरं पत्र लिहिलं. वाहन चालू स्थितीत आहे, दुर्गम भागासाठी आवश्यक आहे, किमान पावसाळा संपेपर्यंत ठेवावे. ते घेऊन रजा टाकून स्वतः ठाण्याला गेले. तिथल्या कारकुनाने फाइल काढली, माझी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि विचारलं, "बाई, अक्षर तुमचंच ना दोन्हीकडे?" मी हो म्हटलं. "मग गाडी खराब आहे का चांगली आहे, एक काय ते ठरवा." तो काही वाईट माणूस नव्हता. त्याने मला चहाही विचारला.

लिलाव दिवाळीनंतर, तालुक्याच्या एका सरकारी आवारात झाला. जीपबरोबर जॅक, चाकाचे नट खोलायची टॉमी, हँडल आणि जादा चाक यादीप्रमाणे ताब्यात द्यायचं होतं, म्हणून मला पाठवलं. जीप मामानेच चालवत आणली. येताना पूर्ण डांबरी रस्ता होता, त्यामुळे तो काही बोलला नाही.

मला वाटलं होतं दोनचार भंगारवाले येतील. आले तीसेक जण. वीटभट्टीवाले, गवताचा धंदा करणारे, वाडा रोडला पॅसेंजर भरणारे, दोन शेतकरी भाऊ. शेजारी सरकारी मोटारीही लिलावाला होत्या, दिसायला आमच्या जीपपेक्षा कितीतरी बऱ्या, रंग शाबूत असलेल्या. त्यांच्याभोवती कोणी फिरकत नव्हतं. सगळी गर्दी आमच्या फाटक्या हुडाभोवती.

गर्दीत भिवंडीतला एक म्हातारा व्यापारी होता, कोकणी मुसलमान. त्याचा जुन्या गाड्यांचा धंदा होता. त्याने पांढरा सदरा सावरला, एक वर्तमानपत्र पसरलं आणि सरळ गाडीखाली गेला. खिशातली छोटी हातोडी काढून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टक टक ठोकत आवाज ऐकत राहिला. बाहेर आल्यावर कपडे झटकले आणि लिलावाच्या कागदांना टाचलेली माझी यादी वाचायला घेतली. ती तिथे असेल याची मला कल्पना नव्हती. त्याने सगळी वाचली, बोट ठेवून.

"ही कुणी लिवली?"

मी म्हटलं, मी.

"बाई, मी चाळीस साल गाड्या घेतोय. सरकारी गाडीचा असा सच्चा कागद पहिल्यांदा बघितला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "एकोणीस बीमाऱ्या लिवल्या तुम्ही. सगळ्या कपड्याच्या आहेत. हड्डीची एक नाही."

मला समजलं नाही. त्याने समजावून सांगितलं, घाईत, बोली सुरू व्हायच्या आत. क्लच, पाटा, सेल्फ, रेडिएटर, हे सगळं भिवंडीच्या गल्लीत नवं-जुनं मिळतं, नट खोलून काढायचं, नट आवळून बसवायचं. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, सरळ असली, गिअरबॉक्स आणि मागचं-पुढचं डिफरन्शियल चांगलं असलं, की गाडी पुन्हा उभी. ती शेजारची मोटार बघा, बाहेरून नवरी दिसते, आतून काय झालंय ते पुरी खोलल्याशिवाय कुणी सांगणार नाही. ही जीप रानात बंद पडली तर माणूस पाना घेऊन खाली वाकतो, उठतो तेव्हा गाडी चालू असते. आणि ही जिथे जाते तिथे दुसरं काही जात नाही. जोवर तसे रस्ते आहेत तोवर हिचा भाव पडायचा नाही. "तुमचा कागद नसता तर मी भीतभीत बोली लावली असती," तो म्हणाला. "आता नाही भिणार."

मग त्याचं लक्ष मामाकडे गेलं. "काय मामा, तुम्ही पण लिलावात काय? तुमची बोली किती?"

"मना कोन घेतंय," मामा म्हणाला. "माजी चासीच गेलीय."

आजूबाजूचे हसले. मामाही हसला.

बोली चढत गेली. वीटभट्टीवाला आणि म्हातारा शेवटपर्यंत राहिले, आणि म्हाताऱ्याने घेतली. लिलाव करणारे साहेब खूश होते, अपेक्षेच्या वर गेली म्हणाले. मोटारी कशाबशा भंगारात गेल्या. मी जॅक, टॉमी, हँडल, चाक मोजून दिलं आणि सही घेतली. जीप कुठे जाईल ते मी म्हाताऱ्याला विचारलं. म्हणाला, महिनाभरात नीट करून वाडा रोडच्या पॅसेंजरवाल्याला देणार. गिऱ्हाईक ठरलेलं होतं.

मामाने सीटखालून आपलं गोणपाट आणि पितळी पेला काढून पिशवीत घातला. त्याची बदली ठाण्याच्या बाजूला औषधांच्या गोदामावर झाली होती. गाडी नाही तर ड्रायव्हर कशाला ठेवतील. आम्ही एसटी स्टँडपर्यंत चालत आलो. तिथे बाकावर बसल्यावर मी एकदाचं बोलले. मामा, मी चारच लिहायला पाहिजे होते.

त्याने पिशवी पायाशी ठेवली.

"म्या पन चारच सांगाला पायजे व्हते," तो म्हणाला. "पन येवढ्या वर्सांत गारीला काय काय होतंय, ह्ये कोनी इचारलंच न्हवतं. तुमी इचारलं. मंग बोलतच ग्येलो."

त्याची बस आधी आली. मी पिशवी खिडकीतून आत दिली. तेवढ्यात बस हलली.

पाड्यांचा पुढचा गुरुवार आला. मी यादी निम्मी केली. स्टोव्ह नको, सिरिंजा केंद्रातच उकळून डब्यात बंद करून घेतल्या. वजनकाटा केंद्रातच ठेवला. बर्फाचा डबा एका खांद्याला, रजिस्टरांची पिशवी दुसऱ्याला. एसटीने अंबाडी, तिथून पायी. पहिल्या पाड्यावर पोचले तेव्हा अंगणात कोणीच नव्हतं. नेहमी तिथे आम्ही जायच्या आधीच बाया मुलांना घेऊन झाडाखाली जमलेल्या असत. मला वाटायचं त्यांना वार लक्षात राहतो. एका म्हातारीने सांगितलं तेव्हा कळलं की वार वगैरे कोणी मोजत नसे. त्या फुटक्या सायलेन्सरचा आवाज लांबूनच यायचा, तो ऐकला की बाया रानातून, शेतावरून निघायच्या. मी तर पायी गेले होते. कुणाला कळणार?

मी झोपडी झोपडी फिरले. ज्या सापडल्या त्यांच्या मुलांना टोचलं. बाकीच्यांसाठी निरोप ठेवला. प्रत्येक ठिकाणी लोक आधी माझ्या मागे कोण आहे ते पाहायचे आणि मग विचारायचे, गाडी नाय? मामा नाय? मी प्रत्येकाला तेच उत्तर दिलं, यथावकाश येईल. तो शब्द त्यांना कळला नसावा. मलाही तो धड कळला नव्हता.

ओढा ओलांडून दुसरा पाडा उरकेपर्यंत ऊन उतरलं होतं. तिसऱ्या पाड्याला जाऊन आले असते तर अंबाडीची परतीची शेवटची बस चुकली असती. तिथे नऊ मुलं होती, त्यांतल्या दोघांचा शेवटचा डोस राहिला होता. मी टेकडीच्या पायथ्याशी उभी राहून घड्याळ बघितलं. वर एक बाई लाकडाची मोळी घेऊन चालली होती, तिला हाक मारावी असं वाटलं, पण ती फार लांब होती. मी डब्याचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि अंबाडीच्या वाटेला लागले.