काट्यांच्या अलीकडं

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितलेली नाही, बहिणीला नाही. ज्या माणसाला सांगायला पाहिजे तो रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पितो—त्यालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसापुढं तोंड उघडायची हिंमत असती, तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

आधीच सांगतो—गोष्ट कुत्र्याची आहे. हसायचं तर आत्ताच हसून घ्या. कुत्रंच तर होतं, असं मीही स्वतःला पुष्कळ वेळा समजावलंय. समजूत पटली असती तर लिहायला बसलो असतो का?

पण कुत्र्याच्या आधी माझं सांगायला हवं. आमची वस्ती ईट गाव आणि तालुक्याचं भूम यांच्या मधे, डांबरी रस्त्यापासून आत, माळावर. पंधरा-वीस घरं, सगळी मेंढरंवाली. त्यातला पहिला बी.ए. मी. हे सांगताना अजूनही माझी छाती जरा पुढं येते, खोटं कशाला बोलू? माझ्या वडलांना, आबांना, सही करता येते, वाचता येत नाही. वस्तीत कुणाचा कागद आला की माझ्याकडं. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय—माझ्याकडं. टीव्हीवरचा माणूस काय म्हणाला, त्याचा अर्थ काय—माझ्याकडं. मी सांगीन ते पक्कं. माझ्या तिप्पट वयाची माणसं माझ्याकडं बघून मान डोलवायची. याची चटक लागते. तुम्हाला लागली नसेल तर नशीबवान आहात.

भूममध्ये मात्र मी कुणी नव्हतो. पोलीस भरतीत दोनदा धावण्यात बाद झालेला, एका खाजगी क्लासमध्ये आठवी-नववीला इतिहास शिकवणारा सर. माझ्याबरोबर सराव करणारा बालाजी भरती झाला. सरावात तो कायम माझ्या मागं असायचा. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण विसरलोही नाही.

आणि जमादार. काळा कुळकुळीत, छातीवर पोलिसाचा पट्टा घातल्यासारखी आडवी पांढरी रेघ—म्हणून आबांनी नाव ठेवलं जमादार. मेंढरं कोंडायच्या जाळीला आम्ही वाघर म्हणतो. त्या वाघरीच्या तोंडाशी तो पडलेला असायचा, आणि तो तिथं आहे म्हणून आबा निवांत झोपायचे. लांडगा त्यानं दोनदा परतवला होता. दुसऱ्यांदा अर्धा कान देऊन.

लॉकडाऊनच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यानं भाकरी सोडली. हिरड्या पांढऱ्या पडल्या. आबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन एकेक गोचीड उपटायचे आणि रॉकेलच्या डब्यात टाकायचे. तीन दिवस असं चाललं. चौथ्या सकाळी म्हणाले, "ह्याला भूमला जनावरांच्या दवाखान्यात न्यावं लागंल. तू ने. नाक्यावर इचारत्यात, मला काय सांगता येत न्हाय. तुला बोलता येतं."

मला बोलता येतं!

गाडीच्या मागच्या सीटवर टोमॅटोचं क्रेट बांधलं, आत पोतं अंथरलं, आबांनी जमादारला उचलून त्यात ठेवलं. जन्मात गाडीवर न बसलेलं जनावर, पण हललं नाही. तेवढ्यावरून मला कळायला पाहिजे होतं की वेळ थोडा आहे. मला कळलंही असेल. पण माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं.

त्याच आठवड्यात मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता. कुठल्यातरी नाक्यावर एक म्हातारा बगलेत कोंबडा धरून उभा. पोलीस विचारतो, "काय झालंय कोंबड्याला?" म्हातारा म्हणतो, "सकाळधरनं बोलत न्हाय सायेब." मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो होतो. चार ग्रुपवर पुढं पाठवलाही होता. त्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं, त्याचा कोंबडा जगला का—असलं काही माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

भूमच्या अलीकडं, वळणावर नाका होता. लांबूनच मी बालाजीला ओळखलं. तोंडाला मास्क होता, पण उभं राहायची ढब ओळखता येते ना? हातात काठी, शेजारी दोघं-तिघं. एका मोटारसायकलवाल्याशी त्यांचं काही बोलणं चाललं होतं आणि सगळे हसत होते. कशाला हसत होते मला माहीत नाही. कदाचित तो मोटारसायकलवालाही हसत असेल. मला मात्र पुढचं सगळं दिसायला लागलं—क्रेटमध्ये मेंढपाळाचं कुत्रं, त्याचं नाव जमादार, गाडीवर मी, आणि बालाजी विचारतोय, "काय सर, साहेबांची तब्येत बरी न्हाय का?" आणि कुणीतरी मोबाइल वर धरलाय.

मी गाडी वळवली.

एवढंच झालं. मला कुणी अडवलं नाही, कुणी काठी उगारली नाही. पुढं कधीतरी बालाजीच बोलता बोलता म्हणाला, की जनावरांच्या दवाखान्याला जाणाऱ्याला परवानगी होती, आम्ही बघून सोडत होतो. मी म्हटलं, "हो का?"

लगेच घरी जाता येत नव्हतं. आबांना वाटेचा हिशेब बरोबर कळतो. म्हणून वाटेतल्या पाझर तलावाच्या भिंतीआड गाडी लावली आणि दोन तास बसून राहिलो. तलाव आटलेला, मधे तेवढं थोडं हिरवं पाणी. ओंजळीत आणून जमादारच्या तोंडाशी धरलं, त्यानं नुसतं नाक लावलं. खरं सांगू? मला तेव्हा त्याची कीव आली नाही. राग आला. ह्याच्यामुळं मला इथं लपून बसावं लागतंय, असं वाटलं.

घरी आलो तर आबा वाटेवरच उभे होते. म्हटलं, "दवाखान्याला कुलूप हाय." ते म्हणाले, "मग उद्या जाऊ. म्या बी येतो."

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण उद्या पुन्हा तो नाका, पुन्हा ते वळण, आणि या खेपेला मागं आबा—ते मला नको होतं. उद्याचा रस्ताच बंद करायचा होता. म्हणून म्हणालो, "डॉक्टरलाच कोरोना झालाय म्हणत्यात. आता महिनाभर काय उघडत न्हाय."

आबांनी दोन्ही हात कानाला लावले. "आरं आरं," म्हणाले. "लई भला माणूस."

दिवस मावळायच्या आत वस्तीभर झालं. कुणी सांगितलं? बी.ए.नं सांगितलं. मग पक्कं.

आता जे सांगायचंय त्याच्याजवळ आलो. इतका वेळ जे सांगितलं ते भित्रेपणाचं होतं. भित्रेपणा मी एखाद्या दिवशी कबूल केलाही असता. हे पुढचं तसं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर वस्तीवर आले. आपणहून. पावसाळ्याआधी मेंढरांना लस टोचायची असते, त्या फेरीवर निघालेले. गाडीला मागं लशीचा थंड डबा बांधलेला. त्या दिवसांत सगळ्या गावांनी केलं तसं आम्हीही वाटेवर बोरी-बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या होत्या. काट्यांच्या पलीकडं डॉक्टर, अलीकडं आमची सगळी वस्ती—पदर, उपरणं, जे मिळेल ते तोंडाला लावून.

आमच्या शेजारची भामाकाकू सगळ्यांच्या पुढं. "सायेब, तिथंच ऱ्हावा. आन् नाकावरचं फडकं काढू नगा, न्हायतर आख्खी वस्ती आडवी व्हईल."

डॉक्टर म्हणाले, "मला काय झालंय? मी ठणठणीत आहे. कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणीही माझं नाव घेतलं नाही. घेण्यासारखं त्यांना काही वाटलंच नसेल. भामाकाकू म्हणाली, "झाल्यालं माणूस आपल्या तोंडानं सांगतंय व्हय?" सगळे हसले. डॉक्टरही कसंनुसं हसले. शिकलेला डॉक्टर समोर उभा राहून सांगतोय की मी बरा आहे, आणि लोक माझ्या शब्दावर चाललेत! मी पाचव्या की सहाव्या माणसाच्या मागं उभा होतो. तेव्हा मला काय वाटलं, ते सांगतो—भीती वाटली, आणि भीतीच्या खाली कुठंतरी, थोडं, बरंही वाटलं. हे लिहिताना हात थांबला होता. पण होतं ते असं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "बरं, लस राहू द्या. कुणाचं जनावर आजारी आहे का?"

"हाय सायेब," आबा म्हणाले. "माझं कुत्रं. पण तुमी माघारी जावा. तुमाला आरामाची गरज हाय." आणि त्यांनी हात जोडले. आबांनी. ज्यांचा जमादार तिथून पन्नास पावलांवर सावलीत पडला होता, त्यांनीच डॉक्टरांना हात जोडून परत जायला सांगितलं.

डॉक्टर चांगला माणूस. काट्यांच्या पलीकडूनच त्यांनी विचारलं—खातो का, हिरड्या कशा आहेत, लघवीचा रंग कसा? आबांनी ओरडून सांगितलं. "गोचीड ताप दिसतोय," ते म्हणाले. पेटीतून गोळ्यांचं पाकीट काढलं, वाटेवरच्या दगडावर ठेवलं, आणि पाण्यात कालवून सकाळ-संध्याकाळ एकेक पाजा म्हणाले. गाडीला किक मारली आणि गेले. जाताना वाटेत थांबून लशीच्या डब्याचं झाकण नीट बसवलं, तेही मला दिसलं.

आबा काट्यांमधून वाट काढत दगडापाशी गेले. हात पुढं केला आणि तसाच ठेवला. मग मान वळवून माणसांच्या मागं मला शोधलं. "घ्यावं का रं? तू शिकलेला हाईस. ह्याला हात लावल्यावर लागतंय का?"

सगळी वस्ती माझ्याकडं वळली.

मला फक्त 'घ्या' म्हणायचं होतं. खरं सांगायचीसुद्धा गरज नव्हती, बघा. पाकीट साबणानं धुऊन घ्या, एवढं म्हटलं असतं तरी लोकांनी ऐकलं असतं, मला शहाणाच म्हटलं असतं. कुणी कसला संशय घेतला नसता. हे मला नंतर सुचलं का? नाही. तिथंच सुचलं होतं. पण मग भामाकाकू विचारील—तूच तर म्हणालास ना रे? मग डॉक्टरला खरंच झालंय का, हे कुणीतरी परत उकरून काढील... त्या एका 'का'ची मला भीती वाटली.

मी म्हणालो, "नको आबा. हात लावू नका."

त्यांनी हात मागं घेतला. भामाकाकूनं काठीनं पाकीट काट्यांत ढकललं आणि कुणीतरी काडी ओढली. वाळलेल्या काट्या, क्षणात पेटल्या. गोळ्यांचा चंदेरी कागद चरचरत आकसला. आबा जाळ विझेपर्यंत तिथंच उभे होते.

जमादार दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. आबांनी मुरमात स्वतः खड्डा खणला, मला पहारीला हात लावू दिला नाही. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू तर नेलं हुतंस बाबा. तुझ्याकडनं काय राहिलं न्हाय."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं लोक अशा वेळी म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढं महिनाभर ते विचारायचे, डॉक्टर बरे झाले का, फोन करून बघ की. मी म्हणायचो, केला, होतायत बरे.

बाजार परत सुरू झाले तेव्हा आम्ही दोघं कोकरं घेऊन भूमला गेलो. बाजारात डॉक्टर भेटले. आबा उपरणं सावरत पुढं झाले, "सायेब, त्या दिशी आजारी माणसाला आमी उन्हात माघारी लावलं. मनावर घेऊ नगा." डॉक्टर म्हणाले, "बाबा, मी कुठला आजारी? त्या उन्हाळ्यात एकही दिवस दवाखाना बंद नव्हता. रोज सकाळी आठला उघडत होतो."

मी शेजारीच उभा होतो. आबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "बरं सायेब," म्हणाले आणि कोकरांकडं वळले. परत येताना सबंध रस्ता माझ्या मागं गाडीवर बसून होते. मी उत्तर तयार ठेवलं होतं—कुलूप मी डोळ्यांनी बघितलं, बाकीचं लोक म्हणत होते ते सांगितलं. त्यांनी विचारलं असतं तर मी तेही तोंडावर बोललो असतो. त्यांनी विचारलं नाही.

गेल्या वर्षी आबांनी येरमाळ्याच्या पाहुण्यांकडून पिल्लू आणलं. त्याला सुई टोचून आणायचं होतं. मी सकाळी गाडी पुसून दारात लावली. आबांनी पिल्लू धोतराच्या फडक्यात गुंडाळून खांद्याला अडकवलं आणि चपला घातल्या. मी म्हटलं, "आबा, गाडीवर नेतो की." ते म्हणाले, "नगं. म्या जातो." आवाजात राग नव्हता. ऊन तापायच्या आत पोचायचं म्हणून भराभर चालत ते डांबरी रस्त्याला लागले, भूमच्या बाजूला.

दुपार टळल्यावर परत आले, पिल्लाला सोडलं, पाणी प्यायले. टोचलं का, डॉक्टर होते का, काय म्हणाले—मी काहीच विचारलं नाही. मी एक विचारलं तर त्यांनीही एक विचारलं असतं. तेवढी जोखीम मी त्या दिवशी घेतली नाही. आजही घेत नाही.