पौर्णिमेचा बांबू

बाबा बांबूवरसुद्धा विश्वास ठेवत नसत. कल्याणच्या आमच्या घरी, मागच्या पडवीत, ते मासे धरायच्या काठ्या करायचे. खाडीत टाकायची गळाची काठी नव्हे. साहेब लोकांची, डोंगरातल्या नदीवर पिसांची खोटी माशी आमिष म्हणून फेकायची, वेतासारखी लवणारी काठी. बांबू उभा चिरून कामट्या काढायच्या, रंध्याने त्या तिकोनी तासायच्या आणि सहा कामट्या सरसाने चिकटवून पुन्हा एक काठी करायची. "धडधाकट बांबू फोडायचा नि परत जोडायचा, हे कसलं काम," असं आई म्हणायची. साहेब मासा धरून परत पाण्यात सोडून देतात हे कळल्यावर तर तिला या सगळ्यातच काहीतरी काळंबेरं दिसू लागलं. आमच्या घरात माशाच्या डोक्यावरून भांडणं व्हायची.

बाबा हे काम फोर्टातल्या एका दुकानात शिकले. स्वातंत्र्यानंतर मालक विलायतेला निघून गेला आणि त्याचा कामट्या तासायचा पोलादी साचा बाबांकडे आला. चहाच्या मळ्यांवर राहिलेले काही साहेब, एखादा संस्थानिक, अशी गिऱ्हाइकं होती. पण मुंबईत याच धंद्यातलं दुसरं एक दुकान होतं आणि बाबांना उठता-बसता त्याचा संशय. चीनच्या लढाईनंतर तिकडून येणारा बांबू मिळेना, तेव्हा दोघांनीही आपल्या मुरबाडकडच्या मानवेल बांबूवर काम सुरू केलं. त्या दुकानाच्या काठ्यांना भुंगा लागायचा, आतून पीठ गळायचं. बाबांच्या काठ्यांना नाही. कारण साधं होतं. बाबा बांबू अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडवून घ्यायचे. चांदण्यातल्या बांबूला कीड लागते हे खेड्यातलं कुणीही सांगेल. ते दुकान मात्र बाजारात येईल तो माल उचलायचं, आणि बाबा त्यांना कशाला सांगतात?

दुसरं गुपित शेकण्याचं. कामट्या निखाऱ्यांवर किती भाजायच्या, यावर काठीचा सगळा जीव. त्या वेळी बाबा पडवीचं दार आतून लावून घ्यायचे. काठीवर रेशमी दोरा गुंडाळून कड्या बसवायचं काम माझं, तरी मलाही बाहेर काढायचे. आईने एकदा विचारलंच. "ती उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार," बाबा म्हणाले. "जाताना काय काय नेईल, कुणी सांगावं?" मला भयंकर राग आला. पण मी त्यांचीच मुलगी, त्यांच्या जागी मीही दार लावलंच असतं.

अशात आत्याने ठाण्याचं एक स्थळ आणलं. मुलगा रेल्वेच्या कचेरीत, घरचे आपल्यातलेच. फक्त त्याचा मामा त्या मुंबईच्या दुकानात कारकून होता. बाबांनी तिथेच हात झटकले. आत्या म्हणाली, "अरे दादा, मामा तिथे हिशेब लिहितो. त्या मुलाचा काय संबंध? तुझ्या अशा वागण्याने पोरगी घरात राहील." शेवटचं वाक्य लागू पडलं.

तो आला. मला तो आवडला, हे आधीच सांगून टाकते. पोहे खाऊन झाल्यावर त्याने माझ्या बोटांकडे पाहिलं आणि विचारलं, "दोऱ्याने कापत नाही का?" इतकी वर्षं मी दोरा गुंडाळत होते, हे कुणी विचारलं नव्हतं.

पुढे तो दोन-तीन रविवार आला. बाबांनी त्याला काठी घेऊन तलावावर नेलं, दोरी फेकायला दिली. त्याला काही ते जमलं नाही. पण त्याने बाबांना एकही प्रश्न विचारला नाही, बांबूचा नाही, सरसाचा नाही. बाबा खूश झाले. "चोर असता तर चौकशा केल्या असत्या," ते आईला म्हणाले. जन्मभर ताकही फुंकून पिणारा माणूस, पण या मुलासमोर फुंकायचं विसरला.

कारण चौकशा तो माझ्याकडे करायचा. ओटीवर आम्हाला थोडा वेळ बोलू देत, तेव्हा. बाबा शेकताना दार का लावतात? तुम्ही कधी आत गेलात का? मी हसून सोडून द्यायचे. मला गाणं येतं का, काय वाचते, यातलं काही नाही. रात्री मी अंथरुणावर पडले की एकच विचार, हा मला बघायला येतो की काठ्या बघायला? बोटांचा तो प्रश्नही आता मला खरा वाटेना.

शेवटच्या रविवारी त्याने अगदी सहज विचारलं, "तुमच्या बांबूला कीड लागत नाही, नाही का? कधी तोडवतात?"

मी म्हणाले, "पौर्णिमेला. चांदणं भरात असताना."

तो ठाण्यात वाढलेला, त्याने मान डोलावली आणि विषय बदलला. हे त्याच्या एका कानाने जाऊन दुसऱ्याने निघून जाऊ दे, अशी मी मनातल्या मनात देवाची विनवणी केली. वांगी भाजायची की तळायची, इतपत किंमत त्या उत्तराला त्याने दिली असती तर मी सुखाने संसार केला असता.

ठाण्याहून होकार आला. पत्रिका जुळली होतीच. आईने साखरपुड्यासाठी साखर निवडायला काढली, आणि बाबा, आमचे बाबा, आत्याला म्हणाले, "लग्नानंतर मुलाला थोडंथोडं काम दाखवीन म्हणतो."

त्याच आठवड्यात मुरबाडचा बांबूवाला नवा माल घेऊन आला. पडवीच्या पायरीवर बसून पाणी प्यायला आणि हसायला लागला. "दादा, मुंबईवाल्यांचं डोकं फिरलंय. त्या दुसऱ्या दुकानाचा निरोप आलाय. पुनवेचाच बांबू पायजेल म्हनतात, दुसरा घेनार नाय. मी म्हटलं, घ्या. भुंग्याचं बी पोट हाय."

बाबाही हसले. पोटभर हसले. "कुठल्या शहाण्याने शिकवलं त्यांना?"

मी हातातली काठी खाली ठेवली. बांबूवाला जाईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "बाबा, ठाण्याला नाही म्हणून कळवा."

"का गं? काय झालं?"

"ती पौर्णिमा मी सांगितली होती. त्याला. दुसऱ्या कुणालाच नाही."

मी रंध्याखालच्या साली गोळा करत राहिले, कारण वर पाहिलं असतं तर मला रडू आलं असतं. संध्याकाळी आत्याला निरोप गेला की पत्रिका पुन्हा पाहिली, जमत नाही. जुळलेली पत्रिका मोडायला आमच्याकडे तेवढंच कारण चालायचं. आईने साखर परत डब्यात भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी निखारे पेटवले. सवयीने मी दोरा उचलून बाहेर निघाले. "बस," ते म्हणाले. त्यांनी मला कामटी कशी फिरवायची ते दाखवलं, रंग मधासारखा झाला की क्षणभरही थांबायचं नाही, हे सांगितलं. वास कधी बदलतो तेही सांगितलं. जे गुपित त्यांनी जन्मभर राखलं ते मला तासाभरात दिलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण बाबा कारणाशिवाय काही करत नसत, हे मला माहीत होतं. पडवीचं दार त्यांनी सताड उघडं ठेवलं होतं. मी आता कुठे जायची नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.