हिरव्याचा निळा

आमच्या प्रयोगशाळेतला तो रंग मला मुळीच आवडत नसे. ॲसिटोनमध्ये गर्द हिरवा, स्पिरिटमध्ये जांभळा. स्वतःचं असं मतच नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, म्हणतात. या पठ्ठ्याला सरळ वाणच लागायचा. त्यात कुठलाही क्षार विरघळला की हिरव्याचा निळा. म्हणून काचेची भांडी शुद्ध पाण्यानेच विसळायची, असा माझा कडक नियम होता.

ऐन मे महिन्यात पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद पडलं. माझ्या हाताखाली शिकणारी मुलगी रोज उमरेडहून एसटीने यायची. एका दुपारी तिच्या सगळ्या बाटल्या निळ्या निघाल्या आणि मी भडकले.

"कशाने धुतल्यास?"

"ताई, काहून वरडून राहिल्या? घरून आणलेल्या पाण्यानं विसळून ओव्हनमधी वाळवल्या. आमच्या बोअरचं प्यायचं पाणी आहे, साफ आहे."

तिची खोड मोडायची म्हणून मी एक बाटली माझ्या प्रताप नगरच्या घरून प्यायला आणलेल्या नळाच्या पाण्याने विसळली, दुसरी तिच्या. दोन्ही वाळवून ॲसिटोनमधला हिरवा रंग ओतला. माझ्या बाटलीतला किंचित मळला, पण हिरवाच राहिला. तिच्या बाटलीतला बघता बघता निळा पडला.

"बघ!" मी म्हणाले. जिंकल्याचा आनंदही झाला, खोटं कशाला बोलू.

ती मात्र बाटलीकडे बघतच राहिली. "लय क्षार असंन का ताई, यात?"

"किती ते रंगावरून सांगता येत नाही. पण कमी नाही."

बोलून गेले आणि मगच आठवलं. तिच्या वडिलांची किडनी बिघडली होती. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. घरात त्यांच्यासाठी वेगळं अळणी शिजत होतं, तरी पायांची सूज रोज वर चढत होती. सगळे ताटाकडे बघत होते. बोअरच्या पाण्यावर कुणाचा संशय गेला नव्हता.

तिने तिथूनच घरी फोन लावला. फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"माय, बाबाले बोअरचं पाणी देऊ नको."

"काहून वं?" पलीकडे आई हसली. "आताच तांब्याभर पेले. जेवनाले तं चव नाही, पाण्यालेच थोडी चव हाय म्हनते."