वीतभर राहिलेली रेषा

माझ्या मामेसासऱ्यांइतका घड्याळाला मानणारा आणि तरीही घड्याळावर चिडलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त होऊन ते बजाजनगरला राहायचे. गळ्यात कायम स्टॉपवॉच. चहाला उकळी यायला किती सेकंद लागले, हे मामींना रोज सांगायचे. माझ्या लग्नात तर भर मांडवात ओरडले होते, "गुरुजी, मुहूर्त अकरा सेकंद टळला की हो!" आमच्या भांडणांचं खापर बायको अजून त्या अकरा सेकंदांवर फोडते.

अशा माणसाला शाळांच्या रोबोट स्पर्धेत वेळ मोजायला बोलावलं नसतं तरच नवल. शेजारी बसून मी गुण लिहायचो. वाटेत यंत्र मोडलं तर दुरुस्तीसकट तीन मिनिटांत रेषा गाठायची, असा नियम. शहरातल्या बड्या शाळांकडं तयार सुटे भाग असत. एक काढला, दुसरा बसवला. बिडकीन गावच्या शाळेतल्या मुली भंगारातली मोटर तारेनं बांधून आणायच्या. मामा दरवर्षी आयोजकांना अर्ज द्यायचे. "पाच मिनिटं करा. तीन मिनिटांत हुशारी नाय मोजली जात, सामान मोजलं जातं." आयोजक हसून अर्ज ठेवून घेत.

एका वर्षी त्या मुली अंतिम फेरीत पोचल्या आणि ऐन वेळी यंत्राचं चाक निखळलं. त्यांची म्होरकी रुखसार गुडघ्यांवर बसून तार पिळत होती, इकडं मामांची नजर स्टॉपवॉचवर होती. यंत्र पुन्हा चाललं. रेषा वीतभर राहिली तोच तीन मिनिटं संपली आणि मामांनी शिट्टी वाजवली.

रुखसार समोर येऊन उभी राहिली. "काका, तुम्ही जरासं थांबले असते तर?"

"नियम चुकीचाच हाय, पोरी. पण सगळ्यांना लावला, तुलाच कसा सोडू?"

ती यंत्र उचलून निघून गेली. त्यानंतर मामांचं जेवणावरचं लक्षच उडालं. "जावईबापू, बरोबर केलं ना मी?" असं भेटेल तेव्हा विचारायचे. मी हो म्हणायचो. त्यांना ते पटायचं नाही. दिवाळीच्या आतच हृदयविकारानं गेले.

पुढच्या वर्षी, त्यांचा अर्ज कुणी वाचला कोण जाणे, वेळ पाच मिनिटं झाली. बिडकीनच्या मुली दुसऱ्या आल्या. प्रशस्तिपत्र घेऊन रुखसार माझ्या टेबलापाशी आली. "काका कुठंयत?"

मी सांगितलं. ती शेजारच्या खुर्चीवर बसली.

"मी घरी पोचेपर्यंतच रागावले होते, सर. राग गेला, हे त्यांना सांगायचं राहिलं."

मी तिला मामींचा पत्ता लिहून दिला. रविवारी ती बजाजनगरला जाऊन आली. "लई वेळ बसली होती रे पोरगी," मामी फोनवर म्हणाल्या.