शनिवारचा कोरा फळा आणि फ्लूची लस

मंडळी, आज ऊर भरून आलाय, म्हणून घरी येताच लिहितोय.

आमच्या हिला दमा. डॉक्टरांनी फ्लूची लस घ्यायला सांगितलेली. पण गेल्या वर्षी लशीनंतर ताप आला, तेव्हापासून ही हटूनच बसलेली. आज कसंबसं नाशिकरोडच्या दवाखान्यात नेलं. लस द्यायला आली वैशाली, एकलहऱ्याच्या शाळेतली माझी विद्यार्थिनी!

"लशीनंच फ्लू होतो. त्यापेक्षा नातवाला मारला तसा नाकात लशीचा फवारा दे," ही म्हणाली.

"काकू, फवाऱ्यात विषाणू जिवंत असतो, पण अशक्त केलेला. तो नाकातच पहारा बसवतो. पण तुमच्या वयाला, दम्याला तो नको. सुईतला विषाणू मेलेला, त्यानं फ्लू होत नाही. ताप आला, कारण शरीर त्याला पाठ करत होतं."

"पाठ?"

"सर फळ्यावर कविता लिहून रोज थोडी पुसायचे. शनिवारी फळा कोरा, तरी वर्ग कविता म्हणायचा. तसंच हे, विषाणू गेला तरी शरीराला तो पाठ असतो. फक्त हा विषाणू रूप बदलतो, म्हणून दर वर्षी नवा धडा."

"मास्तरांचीच पोरगी गं तू!" म्हणत हिने हसून दंड पुढे केला.

खरं सांगू? ही वैशाली शनिवारी नुसते ओठ हलवायची. मला वाटायचं, हिच्या डोक्यात काही शिरतच नाही. सगळं आत साठत होतं तर!

तुमच्या वर्गात होतं का असं कुणी? की ते तुम्हीच होतात?