फाइलमधली माणसं

आमच्या खराडीच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर पूर्वी भाज्यांची देवाणघेवाण व्हायची, हल्ली फोनची होते. पगाराच्या स्लिपा बनवायचं काम बाहेरच्या एका एजन्सीकडे होतं. तिने आमचे पगार, फोन नंबर, घरातल्यांची नावं, वयं, सगळं कुणाकुणाला विकलं. तेव्हापासून प्रत्येकाकडे रोज एक तरी किस्सा असतो. मी एचआरमध्ये. एजन्सीला दर महिन्याला फाइल पाठवणारी मीच, त्यामुळे मला ते जरा जास्तच रंगवून सांगतात.

*

रोहितला पगारवाढ झाल्याचं कार लोनवाल्याने फोनवर सांगितलं. हा लगेच मॅनेजरचे आभार मानायला गेला. मॅनेजर म्हणाले, "कशाबद्दल? पत्र अजून माझ्याकडेच आलेलं नाही."

*

बिबवेवाडीच्या कुलकर्णीबाईंनी घरी पगार थोडा कमी सांगितला होता. लेकीच्या नावाने गुपचूप काही बाजूला टाकायच्या. एका रविवारी त्यांचा फोन सासूबाईंनी उचलला. पलीकडच्याने खरा पगार सांगून क्रेडिट कार्ड देऊ केलं. सासूबाई म्हणाल्या, "आभारी आहोत. आम्हालाही आत्ताच कळलं."

संध्याकाळी सुनेला एवढंच म्हणाल्या, "मी नोकरीत होते, तेव्हा ह्यांना तरी कुठे खरा सांगितला होता?"

*

एजन्सीला चांगलं झापायचं म्हणून मी फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आपली माहिती गोपनीय असते. आधी जन्मतारीख आणि पॅन नंबर सांगा."

मी म्हटलं, "तो आता पुण्यात कुणालाही विचारा."

*

मेश्राम सरांचा किस्सा मात्र टेबलावर कुणी सांगत नाही. सर नागपूरचे, आमच्यात सगळ्यांत जुने. तीन वर्षांपूर्वी, त्यांच्या पत्नी सुनंदाताई स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवसाला दोन महिने असताना गेल्या. मेडिक्लेमच्या यादीतून नाव काढायचा फॉर्म मी सरांपुढे ठेवला. सर म्हणाले, "राहू द्या नं मॅडम, पुढच्या महिन्यात पाहू." नियमात बसत नव्हतं, पण मी राहू दिलं. नाव, तेव्हाच्या वयासकट, फाइलमध्ये तसंच जात राहिलं आणि आमच्याबरोबर विकलंही गेलं.

मग सुनंदाताईंसाठी सरांना फोन येऊ लागले. माझ्या ढिलाईपायी त्यांना हे ऐकावं लागतं, याचं मला फार वाईट वाटायचं. परवा तोच फॉर्म घेऊन गेले. म्हटलं, "सर, आज सही कराच. नव्या यादीत तरी नाव जाणार नाही."

सरांनी पेन उघडलं, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"सुनंदा मॅडमशी बोलायचं होतं."

"बाहेर गेली आहे ती. मला सांगा नं."

मुलीने हेल्थ चेकअपची सगळी माहिती सांगितली. सरांनी मधे न तोडता ऐकून घेतली.

"आमच्याकडे मॅडमचं वय एकोणपन्नास आहे. बरोबर ना, सर?"

"हो," सर म्हणाले, "एकोणपन्नासच." आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.